माडी, भट्टी आणि कायदा

दादरच्या हिंदू कॉलनीत आमचे एक जुने स्नेही राहतात. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत चार-पाच वर्षे काढून नुकतेच परत आले आहेत. एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते संगणकापुढे बसून काही आकडेमोड करीत होते. पडद्यावर एक कोष्टक मांडलेले होते : मोड आणून वाळविलेला जव इतके किलो, हॉपची फुले इतके ग्रॅम, पाणी २० लिटर. त्यातील एखादा आकडा बदलला की खाली पेयाचा रंग, कडवटपणा व मद्याचे प्रमाण यांचे आकडे आपोआप बदलत. ती बीअरची पाककृती होती. "मग आम्हांस केव्हा पाजणार?" असे आम्ही थट्टेने विचारताच ते हसून म्हणाले, "काका, ही नुसती कागदावरची. तिकडे घरातच करीत असे. इथे त्यासाठी बादली आणून ठेवली तरी गुन्हा." आत त्यांच्या आजीबाई भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "आमच्या लहानपणी माहिमात भंडाऱ्याचे मडके दारावरून जायचे. शेजारची ख्रिस्ती बाई त्यातली माडी घेऊन पीठ फुगवायची. त्यात गुन्हा कसला?"

नातू व आजी यांच्या या दोन उद्गारांत मुंबईच्या एका विस्मृत विषयाचा इतिहास दडलेला आहे. मद्य पिण्याच्या दुष्परिणामांविषयी आपल्या वाङ्मयात पुष्कळ लिहिले गेले. मद्य करीत कोण होते, त्यांच्या हातून ते काम कसे गेले आणि ते गेल्याने काय घडले, याचा विचार मात्र क्वचितच झालेला आढळतो.

आजच्या गिरगावात उभे राहून तेथे एके काळी माडांची दाट राई होती असे सांगितले तर ते खरे वाटणार नाही. परंतु गिरगावातील 'वाडी' हा शब्दच त्याची साक्ष देतो. ज्यांना आज आपण चाळींच्या वाड्या म्हणतो त्या मुळात बागायती होत्या. फणसवाडी, चिंचपोकळी, ताडदेव या नावांत झाडे अजून उभी आहेत. माहीम ते गिरगाव या पट्ट्यातील माडांवर चढून रस काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. पोर्तुगीज अमलात व पुढे इंग्रजी अमलातही या झाडांवरील उत्पन्न हा बेटाच्या वसुलाचा एक भाग होता. सरकारचा हात तेव्हाही मडक्यापर्यंत पोचत होता. पण तो खंड घेऊन परत फिरे, मडके उचलून नेत नसे.

माडीची कृती अशी की तीत माणसाला फारसे काही करावेच लागत नाही. माडाच्या पोयीस छेद देऊन खाली मडके बांधावयाचे. ठिबकणारा रस गोड असतो, आणि मडक्यात व हवेत असलेल्या किण्वाच्या सूक्ष्म पेशी ती साखर तत्काळ खाऊ लागतात. मडक्यास आतून चुना लावला तर ही क्रिया थांबते व गोड नीरा मिळते; न लावल्यास काही तासांतच माडी होते. तिच्यातील मद्याचे प्रमाण साधारणपणे शेकडा चार-पाच, म्हणजे बीअरइतकेच असते. दुसऱ्या दिवशी ती आंबट होते आणि पुढे तिचा शिरका बनतो. म्हणून ती साठविता येत नाही, दूर पाठविता येत नाही, आणि काल कोणी काढली हे आज लपविता येत नाही. जे झाड तेच दुकान, आणि जो काढणारा तोच विकणारा. पिणारा त्याच वाडीतला. गिरगावच्या खोताच्या वाडीत व माहिमाकडे राहणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत तर माडी हे केवळ पेय नव्हे, पीठ फुगविण्याचे साधन होते. त्यांचे सणासुदीचे फुगे माडीवरच फुगत. ज्या घरात माडी प्यायली जात नसे त्या घरातही ती स्वयंपाकाला लागू शके.

या व्यवस्थेवर पहिला मोठा आघात नीतीच्या नावाने झाला नाही, वसुलाच्या नावाने झाला. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. तो अमलात आणण्यात चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता, आणि हेच गृहस्थ मिठाच्या वसुलाचेही व्यवस्थापक होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन्ही खात्यांचे सूत्र एकच : जी वस्तू शेकडो घरी आणि शेकडो ठिकाणी तयार होते तिच्यावर कर बसविणे कठीण, तेव्हा ती थोड्याच ठिकाणी तयार होईल अशी तजवीज करावी आणि बाकीच्यांचे तयार करणे हाच गुन्हा ठरवावा. खेडोपाडीच्या लहान भट्ट्या बंद झाल्या व मोठ्या मक्तेदारांच्या भट्ट्या वाढल्या. मुंबईस लागणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून येऊ लागली. माडीच्या झाडांवरील कर वाढविण्यात आला. पुढे १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर, बाळगण्यावर व विकण्यावरही निर्बंध घालणारा कायदा झाला. जे फूल वारली व कातकरी यांचे दुष्काळातील अन्न होते ते घरात साठविणे हाच संशयाचा विषय झाला.

याचा परिणाम असा झाला की सौम्य, नाशवंत व ओळखीची माडी महाग झाली, आणि तीव्र, टिकाऊ व अनोळखी दारू तिच्या जागी आली. गाळलेली दारू पिंपात भरून ठेवता येते, तिची तीव्रता मापून तिच्यावर कर बसविता येतो. सरकारच्या सोयीचे पेय तेच पिणाऱ्याच्या घाताचे ठरले. याच सुमारास मुंबई बदलत होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे पहिली कापसाची गिरणी काढली. पुढील अर्धशतकात परळ-लालबागचा परिसर धुराड्यांनी भरून गेला. कोकणातून व घाटावरून आलेला गिरणी कामगार आपले घर, आपली वाडी आणि ओळखीचे मडके मागे टाकून आला होता. त्याच्या वाट्यास आला तो गुत्ता. पगार घेऊन निघालेला नवरा आणि घरी वाट पाहणारी बायको यांच्या मध्ये आता ते दुकान उभे राहिले.

तेव्हा आपल्या सुधारकांनी दारूविरुद्ध आवाज उठविला तो सर्वस्वी योग्य होता. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्यात वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे तक्रार केली. लोकमान्य टिळकांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन चालविले. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने तर सुशिक्षित मराठी घराला दारूचे भय कायमचे घातले. परंतु त्या नाटकातील सुधाकर वकील आहे. त्याच्या प्याल्यातील मद्य कोणी केले हे प्रेक्षकास ठाऊक नाही व विचारावेसेही वाटत नाही. करणारा तोवर दृष्टीआड झालेला होता.

१९३० साली एक विलक्षण देखावा मुंबईने पाहिला. गिरगावच्या काँग्रेस हाऊसच्या गच्चीवर समुद्राच्या पाण्याचे मीठ करण्यात येत होते, आणि त्याच चळवळीतील स्त्रिया दारूच्या दुकानांपुढे निरोधन करीत उभ्या होत्या. गुजरातेत तर शिंदीची झाडे तोडण्याची मोहीम निघाली. मीठ व मद्य या दोहोंची घरगुती निर्मिती एकाच राज्यपद्धतीने व एकाच हेतूने गुन्हा ठरविली होती. राष्ट्राने त्यांपैकी एकीचा हक्क परत मागितला, दुसरीचा मागितला नाही. याचे कारण उघड आहे. मिठाने कोणाचा संसार मोडला नव्हता. निरोधनास उभ्या राहिलेल्या स्त्रियांपुढे अबकारीचा इतिहास नव्हता. त्यांच्यापुढे परळच्या खोलीतील उपाशी मुले होती. त्यांची बाजू आजही खोटी ठरत नाही.

खोटे ठरले ते एक अनुमान : पिणे थांबवावयाचे तर करणे सर्वत्र गुन्हा ठरविला की पुरे. खेर मंत्रिमंडळातील डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढासळला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, व १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण बंदी अमलात आली. या कायद्याच्या १२ व्या कलमाने मद्य तयार करणे व बाळगणे, तर १३ व्या कलमाने ते पिणे आणि ते करण्याची भांडी व साहित्य जवळ ठेवणेही निषिद्ध केले. बलसारा नामक पारशी गृहस्थांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधी व सुगंधी द्रव्यांतील मद्यापुरती ती कलमे रद्द केली, परंतु कायद्याचा मुख्य देह कायम ठेवला. १८७८ साली वसुलासाठी जो दरवाजा बंद केला होता त्यालाच १९४९ साली नीतीचे कुलूप लागले.

कुलूप लागले तरी घर रिकामे झाले नाही. गिरगाव-धोबीतलावच्या गल्ल्यांतून गोव्याकडील ख्रिस्ती बायकांच्या खोल्यांत चोरून दारू मिळू लागली. मुंबईच्या बोलीत 'आंटी' या आदरार्थी शब्दाला एक निराळाच अर्थ चिकटला तो तेव्हापासून. वस्त्यांतून हातभट्ट्या पेटल्या. गूळ, कुजकी फळे, नवसागर, जे हाती लागेल ते पिंपात पडू लागले. कारण पोलीस येण्यापूर्वी माल निघाला पाहिजे ही एकच कसोटी उरली होती. माडीवाल्यास दुसऱ्या दिवशी त्याच वाडीत तोंड दाखवावे लागे. भट्टीवाल्याचे तोंड गिऱ्हाइकास दिसण्याचे कारणच नव्हते. पुढे बंदी सैल झाली, परवाने निघाले, 'परमिट रूम' उघडल्या. पण ज्यास त्यांचे दर परवडत नाहीत तो भट्टीकडेच राहिला. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात शंभरांहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. त्या दारूत होते ते कारखान्यात लागणारे मेथॅनॉल. ते आंबवून होत नाही. ते कोणीतरी विकत घेतले, पातळ केले आणि विकले. तयार करण्याचे ज्ञान पार नाहीसे होऊन केवळ विक्री उरली म्हणजे काय होते, याचे यापेक्षा भयंकर उदाहरण देण्याची आवश्यकता नाही.

दरम्यान परदेशात नेमके उलट घडले. इंग्लंडने १९६३ साली घरगुती बीअरवरील परवाना काढून टाकला. अमेरिकेने १९७८ साली, म्हणजे आपल्या अबकारी कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, एका प्रौढास घरी वर्षाला १०० गॅलन बीअर करण्याची मुभा दिली. ती विकण्याची मात्र दिली नाही. त्या मुभेतूनच आमच्या तरुण मित्राच्या पडद्यावरील ते कोष्टक जन्मास आले. बीअर आणि शास्त्र यांचे नाते जुनेच आहे. पाश्चरचा बीअरवरील ग्रंथ १८७६ चा. आणि थोड्या नमुन्यांवरून अनुमान काढण्याची जी संख्याशास्त्रीय कसोटी आज प्रत्येक महाविद्यालयात शिकवितात ती डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील गॉसेट याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली होती.

आणि आपल्याकडे? पुण्यात २००९ साली ताजी बीअर करून तेथेच पाजणारे 'डूलली' निघाले. २०१३ साली तसलेच पहिले स्थान मुंबईत उघडले ते लोअर परळास, मथुरादास मिलच्या आवारात. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी थंड पडत गेली, आणि जेथे माग चालत तेथे जव शिजू लागला. कामगाराचे नातू त्या आवारात पहारेकरी असतील, गिऱ्हाईक क्वचितच. १३ वे कलम मात्र कायद्यात आजही आहे. आता त्या कायद्यास महाराष्ट्राचे नाव मिळाले आहे, इतकेच. परवाना घेऊन मोठ्या पिंपात करणारा प्रतिष्ठित उद्योजक, आणि घरच्यापुरते लहान बादलीत करणारा गुन्हेगार, ही १८७८ ची वाटणी अजून मोडलेली नाही.

यावरून आम्ही घरोघर बीअर करावी असे सुचवितो असे कोणी समजू नये. दारूने उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीपुढे इतिहासाचा हा हिशेब मांडण्याचे धैर्य आम्हांस नाही. परंतु तिच्याच हितासाठी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गेल्या दीडशे वर्षांत आपण करणाऱ्याचा हात पुन्हा पुन्हा बांधला, आणि दर वेळी पिणाऱ्याच्या हाती पूर्वीपेक्षा अधिक अनोळखी व अधिक घातक वस्तू आली. मद्यास आवर घालणाऱ्या ज्या गोष्टी होत्या, म्हणजे त्याचे सौम्यपण, नाशवंतपण व करणाऱ्याची ओळख, त्या आपण कायद्याने घालविल्या. आणि त्यांच्या जागी जो शिपाई उभा केला त्याला मडक्यात काय आहे हे कधी कळले नाही.

निघताना आम्ही आजीबाईंना विचारले, माहिमातल्या त्या दिवसांत पिऊन धिंगाणा घालणारे नव्हतेच काय? त्या क्षणभर थांबल्या. "होते की," त्या म्हणाल्या. "पण कोणाच्या मडक्याची प्यायला, ते सगळ्यांना ठाऊक असायचे. त्याची बायको सरळ त्या भंडाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. मग दुसऱ्या दिवशी त्याला कोणी देत नसे." नातवाने संगणक मिटला. त्या बाईला उभे राहण्यासाठी आज कोणाचे दार आहे, हा प्रश्न मनात घेऊनच आम्ही जिना उतरलो.