भिंतीच्या आडोशाचे मर्टल

मर्टल हे भूमध्य समुद्राकाठचे सदाहरित झुडूप जांभूळ आणि लवंग यांच्याच कुळातले असून त्याची चकचकीत पाने चुरडली असता सुवास येतो व ऐन उन्हाळ्यात त्याला पुंकेसरांचे झुबके मिरवणारी पांढरी फुले येतात. प्राचीन ग्रीकांनी ते आफ्रोदिती या प्रेमदेवतेचे मानले, तर ग्रानादा येथील अल्हाम्ब्रा राजवाड्यातील एक चौक त्याच्या कातरलेल्या कुंपणांमुळेच ओळखला जातो. स्पेनमध्ये उघड्यावर वाढणारे हे झुडूप जर्मनीतील कडाक्याच्या हिवाळ्यात तग धरीत नसल्याने तेथे ते कुंडीत लावून थंडीत घरात घेतले जाई, आणि नववधूच्या मुकुटात त्याच्या डहाळ्या गुंफण्याची रीतही तेथे रुजली होती.

१८४५ मध्ये ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया जर्मनीतील गोथा येथे गेली असता तिचा पती प्रिन्स अल्बर्ट याच्या आजीने तिला दिलेल्या पुष्पगुच्छात मर्टल होते. त्यातील डहाळी त्याच वर्षी विकत घेतलेल्या, वाइट बेटावरील ऑस्बोर्नच्या बागेत भिंतीलगत लावली गेली. या कथेत राजघराण्यातील जिव्हाळ्याचेच कौतुक अधिक होते, परंतु ते रोप जगण्याचे बरेचसे श्रेय जागेला द्यावे लागेल. समुद्रसान्निध्यामुळे बेटावरील हिवाळा तुलनेने सौम्य असतो. शिवाय उन्हाकडे तोंड असलेली भिंत दिवसभर ऊब साठवून रात्री ती सोडते आणि पाने करपवणारा गार वारा अडवते. पाण्याचा निचरा होणारी जमीनही तितकीच आवश्यक, कारण थंडीत मुळांशी पाणी साचणे मर्टलला मुळीच मानवत नाही.

१८५८ मध्ये व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येने विवाहात मर्टल हाती धरले आणि पुढे राजघराण्यातील वधूंनी ती प्रथा चालविली. तो विवाह जानेवारीतला, पुढे राणी झालेल्या एलिझाबेथचा १९४७ च्या नोव्हेंबरातला आणि राजवधू कॅथरीनचा २०११ च्या एप्रिलमधला. यांपैकी एकही दिवस मर्टलच्या बहराचा नव्हे, तेव्हा ही प्रथा फुलांपेक्षा बारमाही हिरव्या पानांच्या आधारे टिकली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. कॅथरीनच्या गुच्छात ऑस्बोर्नच्या मर्टलबरोबरच एलिझाबेथच्या गुच्छातील डहाळीपासून वाढविलेल्या रोपाचीही डहाळी होती. अशी लागवड छाट कलमाने, म्हणजे कोवळी फांदी कापून तिला मुळे फुटू देऊन होते आणि त्यामुळे नवे रोप मूळ झुडपाचे गुणधर्म तंतोतंत राखते.