मिठाची जागा

नवेगाव बांधच्या अलीकडच्या आमच्या गावात जुन्या माणसांना सारं जंगल मिठावरून आणि पाण्यावरून ठाऊक होतं. वाटा बदलायच्या, कूप तोडले की रानाचं रूपच बदलायचं. पण चितळं कुठल्या नाल्याच्या काठाला माती चाटायला येतात आणि सांबरं कुठल्या चिखलात लोळतात, हे आजोबांच्या आजोबांपासून तसंच होतं. अशा खारवट जागेला चाटण म्हणतात. तिथली माती जिभांनी आणि दातांनी आतपर्यंत पोखरलेली असते, काठाला गुडघाभर खोल कपारी पडलेल्या असतात.

समुद्रापासून इतक्या आत असलेल्या रानात गवतापाल्यातून मीठ फार थोडं मिळतं. पावसाळ्यातलं कोवळं गवत तर पाण्यानंच भरलेलं असतं. त्यात गाभण माद्यांची आणि पाजणाऱ्या माद्यांची गरज मोठी. नरांची शिंगं दरवर्षी गळून नव्यानं येतात, आणि शिंग म्हणजे हाडच, त्यासाठी क्षार हवेत. म्हणून रानात पडलेली जुनी शिंगं आणि हाडंसुद्धा हरणं चघळताना दिसतात. आजोबांना यातलं रसायन माहीत नव्हतं. हरणाला मिठाची ओढ कधी लागते, ते मात्र त्यांना महिन्यानिशी सांगता यायचं.

त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. शेतराखणीच्या परवान्यावर अशा बंदुका त्या काळी बऱ्याच गावांत असत. आजोबा आणि त्यांचे सोबती स्वतः चाटण तयार करायचे. ओढ्यापासून थोडं दूर, वारा एकाच दिशेनं वाहतो अशी जागा बघून खड्डा खणायचा. त्यात वारुळाची माती आणि बाजारातून आणलेलं खडे मीठ कालवून घट्ट थापायचं आणि वरून पाणी शिंपडायचं. मग तिकडे फिरकायचंही नाही. आधी एखादी मादी बिचकत येते, हुंगते, निघून जाते. दुसऱ्या खेपेला चाटते. काही आठवड्यांत कळपाची पायवाट पडते. पाऊस आला तरी हरकत नसे, मीठ मातीत खोल उतरायचं आणि हरणं ती माती उकरून खायची. या सगळ्या दिवसांत तिथे एकही बार काढायचा नाही, हा नियम. कळप निर्धास्त झाला की वाऱ्याच्या खालच्या अंगाला पाल्याचं लपण करून बसायचं.

या निर्धास्तपणावरच सगळी मदार होती. माग काढत जाणाऱ्या शिकाऱ्याला हरणाच्या कानाशी, नाकाशी आणि पायांशी झुंजावं लागतं. आमिषावर बसणारा त्याच्या गरजेशी झुंजतो, आणि गरजेपुढे कान-नाक लुळे पडतात.

मिठाशिवाय आणखी आमिषं होती. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे टपटप गळतात. ती वेचायला बाया टोपल्या घेऊन येण्याआधी चितळं आणि अस्वलं झाडाखाली हजर असतात. पळसाची आणि सावरीची फुलं, आवळे, बोरं, सगळ्यांचे हंगाम शिकाऱ्याच्या डोक्यात पक्के असायचे. वानरांचा कळप झाडावर चरत असला की खाली पाला आणि फळं सांडतात, म्हणून चितळं वानरांच्या मागं मागं असतात. हे ठाऊक असलेला आमच्या गावचा एक ढिवर झाडावर चढून कोवळ्या फांद्या मोडून खाली टाकायचा, त्यावर चितळं येत, असं आजोबा सांगायचे. त्यांच्या सांगण्यात त्या माणसाच्या झाडावर चढण्याचं कौतुक जास्त असे.

सगळ्यात मोठं आमिष आगीचं. होळीच्या सुमारास वाळलेलं गवत पेटवून दिलं की थोड्याच दिवसांत काळ्या राखेतून हिरवी पालवी फुटते. आसपास सगळं पिवळं पडलेलं असताना तेवढाच हिरवा तुकडा, तिथे कळप येणारच. मोहफुलं वेचायला जमीन साफ व्हावी म्हणूनही झाडाखालचा पाचोळा जाळत. दोन्ही कामांच्या आगी पुढे एकच वणवा होऊन डोंगर चढायच्या. एका चितळासाठी किती रोपटी, किती घरटी आणि अंडी जळत, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आमच्या भागातल्या शिकारीच्या गोष्टींमध्ये मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, आणि ती सांगताना म्हाताऱ्यांचा आवाज कधी खाली येत नसे.

आजी संध्याकाळी एकनाथी भागवत वाचायची. नाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या या ग्रंथात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे. त्या गुरूंत हरीणही आहे: पारध्याच्या गाण्याला भुलून ते जाळ्यात सापडतं. गळाच्या आमिषाला, म्हणजे जिभेच्या लोभाला, बळी पडतो तो मासा. हा भाग आला की आजोबा ओसरीवरून म्हणायचे, "हरन गान्यानं नाई येत, मिठानं येते." आजी पोथीवरून मान न उचलता म्हणायची, "तुमाले काय, तुमी बंदुकीनं वाचता." पण ती मासा आणि हरीण दोघांचा भाग नेहमी सलग वाचायची आणि मधे थांबायची नाही.

आजोबांचा अनुभव खोटा नव्हता, पण हरणाला फसवण्याच्या वाटा मिठापुरत्या नव्हत्या. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात मृगयेचं लांबलचक प्रकरण आहे. पाळलेल्या हरणाकरवी रानातल्या हरणाला जवळ आणण्याची रीत त्यात येते. अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीत हीच युक्ती वेगळ्या अंगानं आहे: शिकवलेल्या हरणाच्या शिंगांना जाळं अडकवून त्याला रानात सोडायचं. रानचा नर त्याच्यावर धावून आला की झुंजीत त्याचीच शिंगं जाळ्यात अडकतात. तिथे आमिष खाण्याचं नसून वैराचं असतं. आमच्या मुलखातले फासेपारधी तर फाशांनीच हरणं धरत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात फासे लावणारे आणि चित्ता पाळून शिकार करणारे असे वेगवेगळे पारधी नोंदवलेले आहेत. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली ज्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांत पारधीही आले, आणि 1952 साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला. ज्या विद्येसाठी राजांनी त्यांना पदरी ठेवलं तिच्यामुळेच गावं त्यांच्याकडे संशयानं बघत राहिली. मला हा अन्याय शिकारीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

आजोबांच्या सोबत्यांत एक गोंड म्हातारा होता. माग काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो रानवाटेवर हरीण मारी, हाक्यात मारी. चाटणावर आणि पाणवठ्यावर मात्र त्यानं कधी बाण सोडला नाही. आजोबांनी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पंगतीत जेवाले बसलेल्याले मारत नाईत." आजोबांनी त्याचं ऐकलं नाही. पुढची बरीच वर्षं त्यांनी मिठावर शिकार केली आणि ते मांस आमच्या घरी शिजलं. पण ही गोष्ट सांगताना त्यांनी त्या म्हाताऱ्याचं वाक्य कधी गाळलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

स्वातंत्र्यानंतर जीप आणि बत्ती आली. रात्री रस्त्यानं जीप हाकत प्रकाशझोत शेतांवर टाकायचा, डोळे चमकले की बार काढायचा. धानकापणीनंतर बांध्यांमध्ये लाखोळी हिरवीगार असते आणि कळप तिथेच उतरतात. मिठाची, लपणाची गरजच उरली नाही. पीक हेच आमिष झालं आणि शेतराखणीचा परवाना त्यावर पांघरूण. गावातले लोक शहरातल्या पाहुण्यांना शेतं दाखवायला जात. त्या वर्षांत कळप किती झपाट्यानं विरळ झाले हे सांगताना आजोबा पहिल्यांदा स्वतःच्या पिढीवर चिडत.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवान्यावर काही प्राण्यांची शिकार त्यात सुरुवातीला चालू होती, पण अटी घालून. रात्रीच्या शिकारीला मनाई होती. चाटणावर, पाणवठ्यावर आणि तिकडे जाणाऱ्या वाटेवर शिकार करायला मनाई होती, फक्त पाणपक्षी आणि भट तित्तर वगळून. गोंड म्हाताऱ्याचं पंगतीचं वाक्य दिल्लीत कुणी ऐकलं नव्हतं, तरी तेच कलम होऊन आलं. 1991 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारच बंद झाली. 2002 च्या दुरुस्तीनं शिकारीच्या व्याख्येतच आमिष दाखवण्याचा समावेश केला. आता प्राणी मरो न मरो, त्याला मारण्याधरण्यासाठी आमिष मांडणं हाच गुन्हा आहे. 1972 च्या कायद्याच्या आगेमागे, 1970 साली नागझिरा अभयारण्य झालं आणि 1975 साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान. वनखातं आता उन्हाळ्यात पाणवठे भरतं आणि मिठाची चाटणं ठेवतं. मीठ तेच आणि चितळं त्यांचीच वंशज, पण तिथे लपणात कुणी बसायचं नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे आता शेताभोवती तारा ओढून त्यांत थेट खांबावरून वीज सोडतात. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेत चितळ, रोही, कधी वाघही मरतो, आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारचा माणूसही. यामागची अगतिकता मी जवळून पाहिली आहे. उभं धान, हरभरा, तूर एका रात्रीत तुडवलं गेल्यावर भरपाईच्या अर्जामागे धावणाऱ्या माणसाला रानाचं प्रेम शिकवायला जाणं हा उद्धटपणा आहे. तरीही त्या तारेचं समर्थन मला करवत नाही. आजोबा निदान समोर काय आलं आहे ते बघून घोडा ओढत, पाजणारी मादी असली तर बंदूक खाली ठेवत. तारेला डोळे नाहीत.

म्हणून सौरकुंपणाची मागणी आमच्या गावात मी लावून धरली आहे. त्यातला झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. त्याला सरकारी अनुदानही मिळतं, पण लहान शेतकऱ्याला आपल्या वाट्याची रक्कम आधी उभी करणं जड जातं. नीट चालवायचं तर गवत छाटत राहावं लागतं, बॅटरी सांभाळावी लागते. बांधाला बांध लागून असलेल्या दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून एकच कुंपण घेतलं तर खर्चही वाटला जातो आणि राखणही. यंदा नाल्याकाठच्या शेतांसाठी तसा एक अर्ज तयार आहे. त्यावरच्या पहिल्या काही सह्या आजोबांबरोबर लपणात बसलेल्या माणसांच्या नातवांच्या आहेत.