ऑरोरा ४एक्स : पहिलं सर्वेक्षण यान वेगवान नको, दमाचं हवं!

‘ऑरोरा ४एक्स’ हा स्टीव्ह वॉल्म्सली यांनी बनवलेला मोफत स्पेस स्ट्रॅटेजी गेम आहे. यात प्रत्येक यान खेळाडूलाच डिझाइन करावं लागतं.

सर्वेक्षणाची घाई का?
गेममध्ये ११ काल्पनिक खनिजं आहेत. कारखाने, खाणी, यानं सगळं त्यांतूनच उभं राहतं. पृथ्वीवरचा साठा मात्र मर्यादित. तो आटण्याआधी नवे साठे सापडले नाहीत, तर बांधकाम ठप्प होतं.

कोणता सेन्सर आधी?
भूगर्भ सेन्सर ग्रह, उपग्रह आणि लघुग्रहांवरची खनिजं शोधतो. गुरुत्व सेन्सर दुसऱ्या ताऱ्यांकडे नेणारे जंप पॉइंट शोधतो. त्यासाठी ताऱ्याभोवतीची ३० ठिकाणं तपासावी लागतात. दोन्ही एकाच यानात कोंबले, तर ते जड आणि महाग होतं. त्यामुळे सुरुवातीला दोन वेगळी यानं सोयीची पडतात.

इंजिन कसं निवडायचं?
नवखे खेळाडू इथेच फसतात. सुरुवातीच्या तंत्रज्ञानात इंजिनावर जास्त जोर दिला, की वेग वाढतो, पण इंधन भराभर संपतं. उलट जोर निम्मा ठेवला, तर तेवढ्याच ऊर्जेसाठी इंधन पाचव्या भागाहून कमी लागतं. यान हळू चालतं, पण दूरच्या लघुग्रहांपर्यंत जाऊन परत येतं.

आणखी काय पाहायचं?
ठरलेल्या मुदतीपेक्षा मोहीम लांबली, की खलाशांचं मनोबल घसरतं. म्हणून इंधन जितके महिने पुरेल, तितकीच मोहिमेची मुदतही ठेवावी. दोन्हींपैकी एक जरी कमी पडलं, तरी अर्धवट सर्वेक्षण सोडून परतावं लागतं.