अपडेटनंतर फोनमधलं कामाचं काहीतरी बंद पडलं? आधी अपडेट कुठून आलं ते शोधा

गेल्या खरिपात कोरेगावहून तात्यांचा फोन आला. "अरे, काल रात्री मोबाईल अपडेट केला. आता ई-पीक पाहणीच्या ॲपला मी लांब कुठंतरी दिसतोय. आणि मी तर इथं घेवड्यात उभा आहे!" पीक पाहणीची मुदत संपत आली होती. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसली की पुढे नुकसानीची मदत, पीककर्ज, सगळीकडे अडतं. मी पुण्यात, ते शेतात. शेजारच्याने त्यांना सल्ला दिला होता, "रिसेट मारा, सगळं नीट होतंय."

मी म्हटलं, "तात्या, तेवढं सोडून काहीही करा."

अपडेटनंतर काही बिघडलं की बहुतेक जण फॅक्टरी रिसेटकडेच धावतात. पण त्याने फोटो आणि चॅट जातात, आणि सिस्टिमचं नवं व्हर्जन मात्र जसंच्या तसं राहतं. म्हणजे दोष त्या व्हर्जनमध्ये असेल तर तो रिसेटनंतरही तिथेच असतो. म्हणून आधी फोन एकदा बंद करून चालू करा, आणि मग शोधा की अपडेट नेमकं कुठून आलं. कारण मागे जाता येतं की नाही, हे त्यावरच ठरतं.

शोधायचं कसं? प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर दाबून 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस' उघडा, 'मॅनेज'मध्ये जा आणि यादी 'रिसेंटली अपडेटेड' अशी लावा. बिघाड सुरू झाला त्या दिवशी कोणती ॲप्स बदलली ते वर दिसेल. यादीत संशय घ्यावा असं काही नसेल आणि फोनने त्याच रात्री स्वतःला रिस्टार्ट केलं असेल, तर सिस्टिम अपडेटवर संशय घ्या.

ॲपमधून आलेला बिघाड

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मार्च 2021 मधलं. 23 मार्चच्या सकाळी भारतात लोक उठले तर जीमेल उघडताच बंद पडत होतं, आणि इतरही कितीतरी ॲप्सची तीच गत. लोकांनी जीमेल काढून पुन्हा टाकलं, काहींनी फोनच रिसेट केले. दोष जीमेलमध्ये नव्हताच. तो होता 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू'मध्ये. ॲपच्या आत वेबपेज दाखवायचं काम हा छोटा घटक करतो, आणि असंख्य ॲप्स त्याच्यावर अवलंबून असतात. त्याचं अपडेट प्ले स्टोअरमधून गुपचूप येतं. गुगलने वेबव्ह्यू आणि क्रोम या दोन्हींचं दुरुस्त व्हर्जन आणलं, पण तोवर लोकांनी स्वतःच उपाय शोधला होता: वेबव्ह्यूचं अपडेट काढून टाकायचं.

तोच उपाय आजही चालतो. फोनसोबत आलेली जी ॲप्स असतात, त्यांच्या 'ॲप इन्फो'मध्ये वर तीन टिंबं असतात. तिथे 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मिळालं तर ॲप फोनसोबत आलेल्या जुन्या व्हर्जनवर जातं. मग प्ले स्टोअरमध्ये त्याच ॲपच्या पानावर 'एनेबल ऑटो अपडेट'ची खूण काढा, नाहीतर रात्रीत ते पुन्हा येईल. दुरुस्ती आली की खूण परत लावा, हे मात्र विसरू नका.

तुम्ही स्वतः टाकलेल्या ॲपला ही सोय नाही. काढून टाकलं तरी प्ले स्टोअर नवंच व्हर्जन देतं. अशा वेळी टेलिग्रामवर कुणीतरी 'जुनी एपीके' देतो. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपसाठी ती अजिबात घेऊ नका. त्या फाइलमध्ये आत काय घातलंय, हे मी इंजिनिअर असूनही नुसतं बघून सांगू शकत नाही.

बिघाड वाटतो, पण असतो बदल

तात्यांचं प्रकरण हे होतं. अँड्रॉइड 11 पासून, जे ॲप काही महिने उघडलं नाही त्याच्या परवानग्या सिस्टिम आपोआप काढून घेते. पीक पाहणीचं ॲप हंगामात एकदा उघडणार, त्यामुळे लोकेशनची परवानगी गेलेली. ॲपने ती पुन्हा मागितली. आता अँड्रॉइड 12 पासून तिथे दोन पर्याय दिसतात, 'प्रिसाइज' आणि 'ॲप्रॉक्सिमेट'. तात्यांनी दुसरा दाबला. त्यात ॲपला तुमची जागा साधारण तीन चौरस किलोमीटरच्या अंदाजाने कळते. घेवड्याचा गट त्यात कुठं सापडणार! 'ॲप इन्फो', 'परमिशन्स', 'लोकेशन', आणि 'यूज प्रिसाइज लोकेशन' चालू केलं. दोन मिनिटांत काम झालं. कॅमेरा, माइक किंवा नोटिफिकेशन बंद पडलं तरी सगळ्यात आधी इथेच बघा.

सिस्टिम अपडेट

इथे मात्र अवघड आहे. कंपनीने पाठवलेलं सिस्टिम अपडेट बहुतेक फोनवर मागे घेता येत नाही. जुन्या व्हर्जनमधल्या सुरक्षेच्या फटी चोरांना माहीत झालेल्या असतात, म्हणून मागे जायचा रस्ता मुद्दामच बंद ठेवतात. बूटलोडर उघडून जुनं व्हर्जन टाकायचं म्हटलं तर सगळा डेटा पुसला जातो आणि बँकेची ॲप्स रुसून बसतात, ते वेगळंच.

करण्यासारखं दोन-तीन गोष्टी. सेफ मोडमध्ये फोन सुरू करा; तिथे सगळं नीट चालत असेल तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या ॲपचा आहे. नेट किंवा कॉल गेला असेल तर 'रिसेट नेटवर्क सेटिंग्ज' करा, त्यात वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटो जात नाहीत. एवढ्यानेही जमलं नाही तर लगेच बॅकअप घ्या आणि पुढच्या पॅचची वाट बघा. कधीकधी ती फार लांबत नाही: सप्टेंबर 2014 मध्ये आयओएस 8.0.1 ने आयफोन 6 चं नेटवर्क आणि टच आयडी घालवलं, ॲपलने ते अपडेट लगेच मागे घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी 8.0.2 आणलं.

तोवर पैशांचं काय? सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून यूपीआय पुन्हा नोंदवता येतं. यूपीआय पिन आधीच काढलेला असेल तर *99# डायल करून इंटरनेटशिवायही 5,000 रुपयांपर्यंत पाठवता येतात. सगळ्या नेटवर्कवर ते चालत नाही, म्हणून फोन नीट असतानाच एकदा करून बघा.

सर्व्हिस सेंटरला जाताना

कोरेगावहून साताऱ्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. तेव्हा तयारीने जा. 'अबाउट फोन'मधला बिल्ड नंबर आणि अपडेटची तारीख यांचा स्क्रीनशॉट किंवा फोटो काढून ठेवा. जॉबशीटवर 'सॉफ्टवेअर अपडेटनंतर बंद' असं लिहूनच घ्या. माझ्या मित्राच्या फोनमध्ये अपडेटनंतर सिमच दिसेना, तर काउंटरवर पहिलं वाक्य आलं, "बोर्ड गेलाय, वॉरंटी संपलीय." त्या वेळी त्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

वॉरंटी संपली म्हणजे विषय संपला असं नाही. 2021 च्या सुरुवातीला शाओमीच्या एमआय ए3 वर अँड्रॉइड 11 आलं आणि फोन चक्क मेले, चालूच होईनात. कंपनीने अपडेट थांबवलं आणि भारतात वॉरंटी असो वा नसो, सर्व्हिस सेंटरमध्ये फुकट दुरुस्ती देऊ केली. तुमच्या मॉडेलचं नाव आणि अपडेटचा नंबर टाकून शोधा. तोच त्रास अनेकांना असेल तर तसं काउंटरवर स्पष्ट सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि यावर अपडेटच बंद करून टाकणं हा उपाय नाही, सुरक्षेचे पॅचही त्यातूनच येतात. पण घाई कशाला? कंपन्या मोठं अपडेट आधी थोड्याच फोनवर सोडतात आणि तक्रारी बघून पुढे वाढवतात. पहिल्या दिवशी 'डाउनलोड' दाबणारा म्हणजे फुकटचा टेस्टर. मोठं व्हर्जन असेल तर मी आठवडाभर थांबतो, परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या आदल्या रात्री तर हातही लावत नाही. तात्यांनाही सांगून ठेवलंय, पीक पाहणी झाल्यावरच अपडेट करा.