ड्रायव्हर बोलतो तेव्हा मशीन थांबतं

हा भाग ऐकताना तुमच्यापैकी कुणी पेंधरहून बेलापूरला जाणाऱ्या मेट्रोत असेल, कुणी तळोजा एमआयडीसीत शिफ्टला निघालं असेल. शिफ्टवाल्यांना आजची गोष्ट चटकन कळेल, कारण ती लॉगबुकची आहे. फक्त हे लॉगबुक कंट्रोल रूममधलं नाही, तुमच्या फोनच्या आतलं आहे.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल असतो. टचस्क्रीन, कॅमेरा, वायफाय यांच्याशी बोलायला त्यात वेगवेगळे ड्रायव्हर असतात. ड्रायव्हर बिघडला की आत काय चाललंय ते दिसत नाही. मग तो लिहिणारा माणूस मध्ये मध्ये ओळी छापायला लावतो. इथवर आलो, चिपनं उत्तर दिलं, इथं अडकलो. हाच डीबग लॉग. तो छापणाऱ्या फंक्शनचं नाव प्रिंट-के. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्सचं पहिलं, ०.०१ व्हर्जन काढलं, त्यातही हे फंक्शन होतं.

प्रिंट-केचा जुना नियम असा, की ओळ आली की ताबडतोब बाहेर काढायची. यामागे कारण होतं. मशीन पुढच्याच क्षणी कोसळलं तर ती शेवटची ओळ हाच एकमेव पुरावा!

पण ओळ बाहेर जाते कुठून? बऱ्याचदा सिरियल पोर्टमधून. नेहमीच्या १,१५,२०० बॉडच्या वेगानं ८० अक्षरांची एक ओळ जायला साधारण ७ मिलिसेकंद लागतात. जुन्या ९,६०० बॉडला तर ८३. तेवढ्या वेळात प्रोसेसरची लाखो कामं झाली असती, पण तो तिथंच अडकून राहतो.

आता कारखान्यात या. समजा नियम आहे की ज्याला काही दिसलं त्यानंच लॉगबुकात लिहायचं, आणि लिहून होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. रिअ‍ॅक्टरचं प्रेशर चढतंय आणि ऑपरेटर सुवाच्य अक्षरात नोंद करतोय. त्यात जो लिहायला बसलाय त्याच्याकडेच बाकीचे आपापल्या चिठ्ठ्या टाकतायत, की ‘आमचंही लिही रे’. प्रिंट-केमध्ये हुबेहूब हेच व्हायचं. एका प्रोसेसरला सगळ्यांचं लिहीत बसावं लागायचं.

अजून एक गंमत (डेव्हलपरला विचाराल तर छळ). लॉग घातला की बग गायब, काढला की हजर. कारण छापण्यातल्या उशिरानं ड्रायव्हरचं टायमिंगच बदलतं.

बडबड कमी करायचे उपाय झाले. २००९ मध्ये २.६.३० व्हर्जनला डायनॅमिक डीबग आलं. त्यामुळे कर्नल पुन्हा न बनवता, चालू मशीनवर हव्या त्याच डीबग ओळी सुरू करता येऊ लागल्या. २०१४ मध्ये मात्र वेगळाच राडा झाला. बूट करताना दिलेला ‘डीबग’ हा शब्द कर्नलसोबत सिस्टमडी नावाचा प्रोग्रामही वाचायचा, आणि इतक्या ओळी ओतायचा की मशीन नीट सुरूच होईना. टोरवाल्ड्स इतका चिडला की सिस्टमडीच्या एका मुख्य डेव्हलपरचा कोड घेणारच नाही, असं त्यानं जाहीर करून टाकलं.

पण खरी किंमत मोजली रिअल-टाइम लिनक्सनं. ठरलेल्या वेळेत काम झालंच पाहिजे, व्हॉल्व्ह बंद म्हणजे बंद, अशा ठिकाणी लिनक्स चालावं म्हणून २००४ पासून इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर वगैरे मंडळी प्रीएम्प्ट-आरटी नावाचे बदल करत होती. हळूहळू सगळं मुख्य कर्नलमध्ये गेलं आणि शेवटी अडलं ते या लॉगबुकपाशी. कधी, किती वेळ अडवेल याचा नेम नाही असं फंक्शन आत असताना वेळेची हमी देणार कशी?

जॉन ओगनेस यांनी ते नव्यानं रचायला घेतलं. कुलूप न लावता नोंदी ठेवणारा नवा बफर २०२० मध्ये ५.१० व्हर्जनमध्ये आला. मग लिहायला वेगळा कारकून, म्हणजे स्वतंत्र थ्रेड, बसवायचं ठरलं. २०२२ मध्ये ५.१९ साठी ते घेतलंही, पण रिलीजच्या आधीच काढावं लागलं, कारण मशीन कोसळताना काही ओळी बाहेर येईनात. कारकुनाला उठवेपर्यंत इमारतच पडली तर? मला विचाराल तर माघार घेतली ते बरोबरच केलं. शेवटची ओळ गमावणारा लॉग काय कामाचा?

पुढच्या रचनेत एरवी कारकून लिहितो, पण आणीबाणीत कर्नल त्याच्या हातातली वही हिसकावून स्वतः लिहितो. हे जमलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात ग्लाइक्सनरनी शेवटची पुल रिक्वेस्ट कागदावर छापून, भेटवस्तूसारखी गुंडाळून टोरवाल्ड्सच्या हातात दिली. वीस वर्षं झाली होती.

६.१२ व्हर्जन बाहेर आलं १७ नोव्हेंबर २०२४ ला. आपली मेट्रो सुरू झाली १७ नोव्हेंबर २०२३ ला, त्यामुळे तारीख लक्षात ठेवायला सोपी. मात्र प्रत्येक सिरियल ड्रायव्हर तोवर नव्या पद्धतीवर आला नव्हता. सगळीकडे सापडणारा जुना ८२५० त्या दिवशीही जुन्याच नियमानं लिहीत होता.