मुळशीचा धडा आणि वऱ्हाडची गायराने

वीजनिर्मितीच्या प्रकल्पांस लोक विरोध करतात तो केवळ नव्या यंत्रविद्येच्या अज्ञानामुळे, असा समज जुना आहे. महाराष्ट्राचा इतिहास त्यास पुष्टी देत नाही.

मुळशी पेट्यात निळा-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्याची टाटा कंपनीची योजना होती. त्या गिरण्यांस वऱ्हाडचाही कापूस जाई. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार कंपनीस मिळाला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सुमारे १२०० मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडून काम बंद पाडले. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट प्रभृतींनी चालविलेला हा लढा १९२४ अखेर ओसरला आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले.

या पराभवाचे कारण केवळ दडपशाहीत शोधणे अपुरे होय. पेट्यातील पुष्कळ जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. मावळा त्या कुळ म्हणून कसत होता. सावकाराचा प्रश्न वाढीव मोबदल्याने सुटण्याजोगा होता, मावळ्याचा नव्हता. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा दुसऱ्याची होती, पहिल्याची नव्हे. मोबदला दस्तऐवजामागे गेला. नुकसान नांगरामागे राहिले.

अमरावती-अकोल्याकडे आज चित्र वेगळे दिसते. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ मधील तिचा दुसरा टप्पा यांचा हेतू कृषिपंपांस दिवसा वीज देणे हा आहे. रात्री-अपरात्री ओलितास जाणाऱ्या शेतकऱ्यास ती हवीच आहे. मुळशीची वीज दूर मुंबईस गेली. ही गावालगत निर्माण होऊन परिसरातील पंपांस मिळावयाची आहे. खासगी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये दर ठरला. परंतु योजनेत गायरानेही येतात, आणि तेथे शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाचे नाव कोणत्याही उताऱ्यावर मालक म्हणून नसते. मुळशीच्या कुळाचे स्थान येथे त्याच्या वाट्यास येते.

कोपनहेगनजवळच्या समुद्रात २००० साली उभारलेल्या मिडेलग्रुंडेनच्या २० पवनचक्क्यांपैकी १० नागरिकांच्या सहकारी संस्थेने घेतल्या. भागीदारीने संमती दृढ होते, हे त्यावरून दिसते. मात्र भाग विकत घेण्यास पैसा लागतो, आणि ज्याची चराई जाते त्याच्याजवळ तोच नसतो.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावात कोणाची मालकी आहे यासोबत कोणाची वहिवाट आहे, हेही नोंदविले जाणे अगत्याचे आहे. मुळशीत ही नोंद निर्णयापूर्वी झाली नाही; वऱ्हाडात ती करण्यास अद्याप अवसर आहे.