गियेन, ओझी

(२० जानेवारी १९६४ – ). व्हेनेझुएलाचा बेसबॉलपटू आणि मॅनेजर. पूर्ण नाव ओस्वाल्दो होसे गियेन बारिओस. जन्म मिरांदा राज्यातील ओकुमारे देल तुय येथे. वर्ल्ड सिरीज ही अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलची अंतिम स्पर्धा जिंकणारा लॅटिन अमेरिकेत जन्मलेला पहिला मॅनेजर.

दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधली शॉर्टस्टॉपची जागा चपळ पाय आणि अचूक फेक मागते. व्हेनेझुएलात या जागेची मोठी परंपरा आहे. चिको कारास्केल, लुईस आपारिसिओ आणि गियेन हे तिघेही आपापल्या काळात शिकागो व्हाइट सॉक्सकडून तिथेच खेळले. गियेनला घडवले ते लुईसचे काका एर्नेस्तो आपारिसिओ यांनी. पाठीवरचा १३ आकडाही त्याने मायदेशाच्याच डेव्ह कोन्सेप्सिओन या शॉर्टस्टॉपच्या मानार्थ घेतला.

१९८० मध्ये सॅन दिएगो पाद्रेसने त्याच्याशी करार केला. डिसेंबर १९८४ मध्ये लामार हॉइट या नावाजलेल्या पिचरच्या अदलाबदलीत तो व्हाइट सॉक्सकडे आला आणि १९८५ साली अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. १९९० मध्ये त्याला क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाला. एप्रिल १९९२ मध्ये उंच उडालेला चेंडू झेलताना सहकारी टिम रेन्सशी त्याची टक्कर झाली, गुडघा निकामी झाला आणि तो हंगाम बुडाला. पूर्वीचा वेग परत आला नाही, तरी तो २००० पर्यंत खेळत राहिला. फटका मारण्याची त्याला फार घाई असे. तो नावाजला क्षेत्ररक्षणासाठीच.

२००४ मध्ये तो व्हाइट सॉक्सचा मॅनेजर झाला. पुढच्याच वर्षी संघाने ९९ सामने जिंकले. लीगच्या अंतिम फेरीत बुर्ली, गारलँड, गार्सिया आणि कोन्त्रेरास या चौघा पिचरांनी लागोपाठच्या चार सामन्यांत एकेकट्याने अखेरपर्यंत चेंडू टाकले. पिचरवर एवढा भरवसा आजच्या बेसबॉलमध्ये जवळपास दिसतच नाही. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात धिप्पाड पिचर बॉबी जेंक्सला मैदानात बोलावताना गियेनने दोन्ही हात उंच व रुंद पसरून ‘तो मोठा पाठवा’ अशी खूण केली. ह्यूस्टन अॅस्ट्रोसला ४–० हरवून संघाने १९१७ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. ज्येष्ठ कारास्केल त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते. हा विजय त्यांना पाहता आला नाही.

२०१२ मध्ये तो मायामी मार्लिन्सकडे गेला. क्यूबाचा नेता फिदेल कास्त्रोबद्दल त्याने काढलेल्या कौतुकाच्या उद्‌गारांनी तिथला निर्वासित क्यूबन समाज दुखावला. त्याने जाहीर माफी मागितली. संघाने त्याला पाच सामन्यांसाठी निलंबित केले आणि हंगामाअखेर काढून टाकले. ज्यांनी घरदार सोडले त्यांच्यासमोर ते बोलणे अक्षम्य होते, आणि मेजर लीगचे मॅनेजरपद त्याला पुन्हा मिळाले नाही.

मायदेशात मात्र त्याने आणखी एक मोठे काम केले. त्याच्या जुन्या तिबुरोनेस दे ला ग्वायरा संघाने १९८५-८६ नंतर व्हेनेझुएलाची लीग जिंकली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये गियेनच्या हाताखाली संघाने ती जिंकली आणि फेब्रुवारीत कॅरिबियन सिरीजही मिळवली, तीही मायामीतच.